इंजिन नवे, रूळ जुने

डभोई हे गाव बडोद्याहून फार दूर नाही. भारतातील अरुंद मापाच्या रेल्वेचा आरंभ याच गावाच्या वाटेवर झाला. श्रीमंत खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असे अडीच फुटी रूळ घालण्यात आले आणि त्यांवरून बैलांनी ओढलेली गाडी धावू लागली. पुढच्याच वर्षी वाफेचे इंजिन आणण्यात आले. इंजिनात खोट नव्हती. परंतु बैलगाडीच्या बेताने घातलेले हलके रूळ त्याचा भार नियमितपणे सोसू शकेनात. १८७३ च्या सुमारास अधिक वजनदार रूळ घातले गेले, तेव्हा कोठे इंजिनांची वाट मोकळी झाली. तोवर गाडी ओढण्याचे काम बैलांनाच करावे लागले.

या घटनेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अडचण आली म्हणून कोणी इंजिन मोडीत काढले नाही, की रेल्वेचा नाद सोडला नाही. दोष नेमका कोठे आहे हे पाहिले गेले आणि तेवढेच बदलण्यात आले. आज आपल्या घरोघरी जो एक प्रश्न उभा आहे, त्याचा विचार करताना हा जुना प्रसंग मला वारंवार आठवतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाला. आधार बंद होणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. तो पूर्ववत चालतो. मात्र प्रणालीत नवी छिद्रे सापडली तर ती बुजविण्याची दुरुस्ती कंपनीकडून नेहमीसारखी येत नाही. म्हणून विंडोज ११ घ्यावी असे ठरवून माणूस बटण दाबतो आणि पडद्यावर उत्तर येते की, हा संगणक नव्या प्रणालीच्या किमान अटी पूर्ण करीत नाही. पाणीगेटच्या परिसरातील कित्येक पालकांनी हे वाक्य वाचले असेल. कालपर्यंत ज्याच्यावर मुलाचा अभ्यास, आईची शिकवणीची टिपणे आणि दुकानाचा हिशेब सुखेनैव चालत होता, तो संगणक आज बाद झाला असा त्याचा अर्थ घेतला जातो. मग कर्ज काढून नवा घ्यावयाचा किंवा मुलीला पुढच्या वर्षापर्यंत थांबावयास सांगावयाचे, असा पेच घरात पडतो.

मी भाषा शिकविणारी शिक्षिका आहे, यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करते, कारण माझ्या मते हा प्रश्न मुळात वाचनाचा आहे. ‘अटी पूर्ण करीत नाही’ हे अपुरे वाक्य आहे. कोणती अट, हे त्यात सांगितलेले नाही. वैद्याने ‘तुम्ही आजारी आहात’ एवढेच सांगून औषधाची यादी हाती दिली, तर आपण ती घेऊ काय? मग संगणकाच्या बाबतीत रोगाचे नावही न विचारता आपण नव्या खरेदीस का निघावे?

प्रथम या व्यवहारातील तीन पात्रांची ओळख करून घेऊ. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. विंडोज ही कार्यप्रणाली म्हणजे त्या मेंदूकडून कामे करवून घेणारा मुख्याध्यापक. परंतु मुख्याध्यापक येण्यापूर्वी शाळेची कुलपे उघडून, दिवे लावून, सर्व जागच्या जागी आहे ना हे पाहणारा कोणी तरी लागतो. संगणकात हे शिपाईमामांचे काम फर्मवेअर करते. ते मदरबोर्डावरील एका चिपमध्ये साठविलेले असते. जुन्या धाटणीच्या फर्मवेअरला बायोस म्हणतात, नव्या धाटणीच्या फर्मवेअरला यूईएफआय. विवाहाच्या पत्रिकेवर कोणाचा विश्वास असो वा नसो, या तिघांची पत्रिका मात्र जुळावीच लागते.

विंडोज ११ च्या अटी पाहा. चार जीबी स्मृती आणि चौसष्ट जीबी साठवण या दोन अटी सोप्या आहेत. अडते ते पुढील तीन ठिकाणी. एक, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची तिजोरी, जिच्यात गुप्त किल्ल्या ठेवल्या जातात. दोन, सिक्युअर बूट. आपले पाणीगेट ही एके काळी शहराच्या तटाची पूर्वेकडील वेस होती. कोणी आत यावे हे वेशीवर ठरावे, तद्वत संगणक सुरू होताना अनोळखी प्रणालीला दारातच अडविण्याचे काम सिक्युअर बूट करते. तीन, कंपनीच्या मान्य यादीतील प्रोसेसर. साधारणपणे इंटेलचे २०१७ पासूनचे आठव्या पिढीचे आणि एएमडीचे २०१८ पासूनचे रायझन २००० मालिकेचे प्रोसेसर व त्यांनंतरचे या यादीत आहेत.

यांपैकी कोणती अट अडते हे कळण्यास पैसे पडत नाहीत. ‘पीसी हेल्थ चेक’ हा कंपनीचाच विनामूल्य कार्यक्रम कारण सांगतो. शिवाय विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या तक्त्यात प्रोसेसरचे नाव, फर्मवेअरची तारीख आणि ते जुन्या रीतीने चालते की नव्या, हे सर्व लिहिलेले असते. हे न पाहता दुकानदाराच्या सांगण्यावरून अधिक स्मृती बसवून घेणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

कारण कळले की नकाराचे चार प्रकार वेगळे दिसू लागतात.

पहिला प्रकार सर्वांत सुखाचा. तिजोरी आहे, पण तिला कुलूप आहे. टीपीएम २.० ही सोय कित्येक संगणकांच्या फर्मवेअरमध्ये असते, परंतु ती बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना एफ २ किंवा डिलीट यांसारखी कळ दाबून फर्मवेअरच्या पानावर जावे. इंटेलच्या यंत्रात तिचे नाव बहुधा ‘पीटीटी’ असे असते, एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’. ती सुरू केली की अट पूर्ण होते. एका पैशाचाही खर्च नाही.

दुसरा प्रकार मांडणीचा. यंत्र यूईएफआय जाणते, पण त्याला जुन्या बायोसच्या रीतीने चालविले गेले आहे आणि त्याच्या डिस्कची विभागणीही जुनीच आहे. येथे क्रमाला महत्त्व आहे. प्रथम आपल्या सर्व फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, कारण फर्मवेअर बदलताच संगणक ती मागू शकतो. मग विंडोजमधीलच साधनाने डिस्कची विभागणी नव्या पद्धतीत बदलावी. त्यानंतर फर्मवेअरची रीत बदलावी, आणि सिक्युअर बूट सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर संगणक सुरूच होत नाही आणि माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. कधी फर्मवेअरच अद्ययावत करावे लागते. २०२२ साली एएमडीच्या काही संगणकांत ही तिजोरी सुरू असताना काम मधूनमधून अडखळत असे. त्यावरचा उपाय फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीतूनच आला. मात्र हे काम चालू असता वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून पावसाळी हवेत, विजेची खात्री नसताना ते मुळीच करू नये.

तिसरा प्रकार वादाचा आहे. यंत्र समर्थ आहे, तिजोरी उघडी आहे, परंतु प्रोसेसरचे नाव यादीत नाही. नव्या प्रोसेसरांत सुरक्षेची काही कामे अधिक वेगाने होतात, हे कंपनीचे म्हणणे खरे आहे आणि ते आपण मान्य केले पाहिजे. पण यादीची रेघ निसर्गाने आखलेली नाही. सातव्या पिढीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर वगळताना कंपनीने त्याच पिढीतील एका प्रोसेसरला काही निवडक यंत्रांपुरता अपवाद केला. त्या यंत्रांत कंपनीचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २ हा संगणक होता. अपवाद होऊ शकतो याचा अर्थ रेघ ही अंशतः धोरणाची रेघ आहे. ती ओढण्याचा अधिकार कंपनीला असेल. परंतु ती ओढल्याने आपले यंत्र नादुरुस्त ठरत नाही, हे ग्राहकाने आपल्या मनाशी पक्के धरावे.

चौथा प्रकार खऱ्या असमर्थतेचा. प्रत्येक प्रोसेसरला ठराविक आज्ञा समजतात, ती त्याची वर्णमाला होय. विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती अशा काही आज्ञा वापरते, ज्या सुमारे २००८ पूर्वीच्या इंटेल प्रोसेसरांना ठाऊकच नाहीत. ज्याच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही, त्याला ‘बाळ’ हा शब्द कितीही आग्रह केला तरी वाचता येणार नाही. येथे कोणतीही क्लृप्ती चालत नाही.

क्लृप्तीचा विषय निघाला म्हणून सांगते. तिसऱ्या प्रकारातील यंत्रांवर अटींची तपासणी चुकवून नवी प्रणाली बसविण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात, आणि त्या बहुधा साधतातही. हौशी माणसाने सुट्या यंत्रावर त्या करून पाहण्यास माझी हरकत नाही. पण अशा यंत्राला पुढील अद्यतने मिळण्याचा हक्क राहत नाही, असे कंपनीने स्पष्ट म्हटले आहे. ज्या संगणकावर वडिलांच्या बँकेचा व्यवहार होतो किंवा शाळेच्या गुणपत्रिका तयार होतात, त्याच्याखाली असा डळमळीत पाया घालणे मला योग्य वाटत नाही.

मग यादीबाहेरच्या यंत्राचे करावे काय? दोन प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला, मुदत विकत घेण्याचा. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरविण्याची नोंदणी योजना जाहीर केली. शिक्षणसंस्थांसाठी असलेली योजना तीन वर्षांची आहे, आणि तिचा दर यंत्रामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार असा ठेवण्यात आला. एखाद्या शाळेत वीस संगणक असतील तर पहिल्या वर्षाचा खर्च अवघा वीस डॉलर होतो. ही बाब ठाऊक नसल्यामुळे कोणत्याही शाळेने आपली संगणकशाळा बंद ठेवू नये.

दुसरा मार्ग मुक्त प्रणालीचा. लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली जुन्या प्रोसेसरवरही समाधानाने चालतात. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ ही प्रणाली प्रसिद्ध केली, आणि तिच्यात मराठी व गुजराती या दोन्ही भाषांची सोय आहे. केरळच्या सरकारी शाळांत ‘काइट’ या संस्थेने सिद्ध केलेल्या मुक्त प्रणालीवर मुले शिकतात. एक संपूर्ण राज्य हे करू शकते, तर ते अशक्य कसे म्हणावे? याविरुद्ध एक आक्षेप खरा आहे. हिशेबाची व कार्यालयीन कामाची काही सॉफ्टवेअरे फक्त विंडोजवरच चालतात. म्हणून दुकानाच्या संगणकाला हा मार्ग कदाचित मानवणार नाही. पण निबंध लिहिणे, गणित सोडविणे, चित्र काढणे आणि पाठ ऐकणे या विद्यार्थ्याच्या कामांना तो पुरेसा आहे.

‘जुने ते सोने’ असा माझा हट्ट नाही. चौथ्या प्रकारातील यंत्र खरोखरच थकले असेल तर त्याला निरोप द्यावा. मात्र तो रस्त्यावरच्या भंगारात नको. केंद्र शासनाचे ई-कचऱ्याविषयीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहेत, त्यांनुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जावे. पण ‘नवे ते हवे’ हेही ब्रीद नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यामागे घरच्या गरिबीमुळे मुलाचे शिकणे अडू नये हाच विचार होता. त्याच बडोद्यात एका अपुऱ्या वाक्यामुळे एखाद्या मुलीचा अभ्यास वर्षभर थांबावा, हे आपणास शोभणारे नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, नव्या संगणकासाठी पैसे काढण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, ‘नेमकी कोणती अट अडते?’ उत्तर मिळाले नाही तर खरेदी पुढे ढकलावी. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम सुचविते. येत्या सुट्टीत आपल्या घरच्या संगणकाची माहिती वहीच्या एका पानावर लिहून आणा. प्रोसेसरचे नाव, स्मृती किती, फर्मवेअरची तारीख, टीपीएम सुरू की बंद, एवढ्या चार ओळी पुरेत. फर्मवेअरला मात्र एकट्याने हात लावू नका. शाळा उघडल्यावर ही पाने आपण संगणकशाळेत एकत्र वाचू आणि प्रत्येक यंत्र वरीलपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवू. ज्यांना केवळ एक कुलूप उघडावयाचे आहे, त्यांचे काम आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली एका दुपारी होण्यासारखे आहे.