द्राक्षे परदेशी, जोखीम बांधावर

नाशिकची द्राक्षे युरोपच्या बंदरांत उतरली की आपल्याकडे मिळालेल्या परकीय चलनाचे आकडे प्रसिद्ध होतात. ते खोटे नाहीत. आणि निर्यातीला सरसकट विरोध करणे हे समाजवाद्याचे लक्षणही नव्हे. १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था 'महाग्रेप्स'च्या रूपाने एकत्र आल्या, तेव्हा संघटित शेतकरी परदेशी बाजारात स्वतः उभा राहू शकतो हे त्यांनी दाखवून दिले. प्रश्न आहे तो या व्यापारातील नुकसान कोणाच्या अंगावर पडते, हा.

रिकार्डोने १८१७ साली दिलेले पोर्तुगालच्या मद्याचे आणि इंग्लंडच्या कापडाचे उदाहरण मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. त्या उदाहरणात जहाज अडत नाही, माल नासत नाही आणि बंदरावरचा खर्च कोणी सोसायचा हा वादही उद्भवत नाही. (मद्य मुरते, द्राक्ष सडते, हा फरक लहान नाही.)

२०१० चा हंगाम आठवून पाहावा. एप्रिल छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती वाढावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरीत. त्याचा अंश युरोपच्या मर्यादेहून अधिक आढळला आणि कंटेनर अडले. निर्यातीपूर्वी आपल्याकडे जी तपासणी सक्तीची होती, तिच्या यादीत मात्र हे रसायनच नव्हते! ज्याने यादीबरहुकूम तपासणी करून प्रमाणपत्र मिळविले, त्याचेच पैसे अडकले. चूक यादीची, शिक्षा बागेला.

याचे मूळ व्यवहाराच्या पद्धतीत आहे. पुष्कळदा द्राक्षाचा अंतिम भाव माल परदेशात विकला गेल्यानंतर ठरतो. जहाजभाडे, शीतगृह, पुन्हा पॅकिंग, सडलेले मणी या साऱ्यांची वजावट होऊन उरेल ते उत्पादकाचे. २०२४ साली तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. भाडे वाढले, दिवसही वाढले. त्या युद्धाशी निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याचा संबंध काय?

त्याच्याही खाली आणखी एक पायरी आहे. विरळणीला आणि घड संजीवकात बुडविण्याच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी स्त्रीपुरुष येतात. निर्यातीच्या प्रमाणपत्रासाठी त्यांच्या हात धुण्याची सोय तपासली जाते. त्यांच्या मजुरीचा दर मात्र मुकादमाच्या तोंडी राहतो. बागायतदाराच्या बाजूने बोलताना आपल्या कार्यकर्त्यांनाही या मजुरांचा विसर पडतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

कांद्याच्या बाबतीत तर दार आपल्याच सरकारने लावले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली ती ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य लादून. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हे मला मान्य आहे. पण त्या स्वस्ताईची किंमत सरकारी तिजोरीने द्यावी, एकट्या उत्पादकाच्या खिशातून ती का काढावी?

तालुका शाखांनी या हंगामात निर्यातदारांच्या करारपत्रांच्या नकला गोळा कराव्यात. किमान भाव लेखी हवा, वाहतुकीतील नुकसानीचा वाटा ठरलेला हवा आणि मजुरीचा दरही कागदावर हवा. तपासावयाच्या रसायनांची यादी एप्रिल छाटणीपूर्वी गावोगाव लागली पाहिजे, अशी मागणी फेब्रुवारीतच करावी लागेल.