हरणं जे खात नाहीत ते

तर मंडळी, या शनिवारी कोड नाही, कुदळ.

जर्सीत घर घेतलं तेव्हा पहिल्याच सकाळी मागच्या अंगणात तीन हरणं दिसली. लगेच फोटो काढून घरी पाठवले. आई फोनवर म्हणाली, "अगदी कण्वमुनींचा आश्रम रे!" हे कौतुक फेब्रुवारीपर्यंत टिकलं. बर्फात खायला काही उरलं नाही, तेव्हा हरणांनी कुंपणालगतच्या सहाही आर्बोरव्हिटी छातीएवढ्या उंचीपर्यंत साफ केल्या. वर हिरवं टोपरं, खाली नुसत्या काड्या. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी कापत नाही, ओढून तोडतं. टोकं फाटलेली दिसली की समजावं, हे सशाचं काम नव्हे.

मग झुडपं शोधणं आलं. रटगर्स विद्यापीठाची एक छान यादी आहे, हरणं कुठल्या झाडाचं किती नुकसान करतात याप्रमाणे चार गटांत लावलेली. (भुकेलं हरीण यादी वाचत नाही, हेही खरंच.) ती घेऊन नर्सरीत गेलो. तिथल्या माणसाने सरळ जपानी बार्बेरीवर बोट ठेवलं. लालचुटुक पानं, काटे, देखभाल शून्य. आठ लावली. हरणांनी तोंडसुद्धा लावलं नाही. रिक्वायरमेंट पूर्ण, टिकिट क्लोज!

आपल्याकडेही हेच चालतं की. बांधावर निरगुडी, कण्हेर का लावतात? शेळी तोंड लावत नाही म्हणून. पण घाणेरी आठवा. तीही शोभेचं झाड म्हणूनच अमेरिका खंडातून भारतात आली. गुरं खात नाहीत, पक्षी फळं खाऊन बिया पसरवतात, आणि आज सह्याद्रीत कुठल्याही डोंगरावर चढा, ती हजर.

बार्बेरीची कथा याच्या नेमकी उलट्या दिशेची. १८७५ साली तिच्या बिया बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये आल्या. आता इथल्या रानात हरणं बाकीची रोपं फस्त करतात आणि बार्बेरीला मोकळं रान मिळतं. म्हणजे ज्या गुणासाठी मी ती विकत घेतली, तोच गुण कुंपणापलीकडे गेला की दोष ठरतो. यादीत हा कॉलमच नाही!

आणि प्रकरण झाडांवर थांबत नाही. कनेटिकटच्या शेती संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना असं आढळलं, की बार्बेरीच्या दाट जाळीत ओलावा टिकतो आणि तिथे लाइम रोगाच्या गोचिडी जास्त सापडतात. हे मी वाचलं ते उशिरा, गेल्या जूनमध्ये मुलाच्या गुडघ्यामागे गोचीड निघाली त्यानंतर. लाल चट्टा उठला, अँटिबायोटिक्स झाली, पोरगा ठणठणीत आहे. ती माझ्याच झुडपातली होती का, हे कोण सांगणार? पण त्याचा चेंडू रोज तिथेच अडकायचा.

शेजारी म्हणतो, "तुझ्या आठ झुडपांनी काय फरक पडतो?" प्रत्येकाची आठच असतात हो. न्यू यॉर्कने २०१५ पासून तिची विक्री बंद केली, पेनसिल्व्हेनियाने २०२१ मध्ये बंदी आणली. दोघांना उगाच हौस आली असेल?

माझं मत स्पष्ट आहे: हरीण खात नाही एवढ्यावर झुडूप घेऊ नका, ते इथलंच आहे का ते आधी विचारा. स्पाइसबुश घ्या. ते दालचिनीच्या कुळातलं, पान चुरगळलं की मस्त वास येतो. हरणांना नेमका तो आवडत नाही. पानं फुटायच्या आधी बारीक पिवळी फुलं येतात, आणि एका देखण्या फुलपाखराच्या अळ्या त्याच्यावर वाढतात. ऊन जास्त असेल तर बेबेरी. बारमाही हिरवं हवं तर इंकबेरी. सुरुवातीची एक-दोन वर्षं मात्र जाळी लावाच, कोवळ्या रोपाला हरीण चाखून बघतंच.

आठपैकी पाच बार्बेरी आज उपटल्या. मूळ आतून पिवळंजर्द असतं, हळदीसारखं. उरलेल्या तीन पुढच्या शनिवारी, कोपरापर्यंतचे हातमोजे मिळाले तर. टाइप करताना अजून बोटांत काटे टोचतायत :)