वजनाचा काटा अडला, तर कारण शोधा



आपल्या वस्त्यांत आणि चाळींत आता एक चांगली गोष्ट दिसू लागली आहे. पहाटे पाण्याची वेळ सांभाळून, डब्यांची घाई उरकून आपल्या भगिनी चालायला बाहेर पडतात. बंधूही पाळी सुटल्यावर एक स्टॉप आधी उतरून घरी चालत येतात. कुणाला दवाखान्यात साखर निघाली आहे, कुणाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, कुणाचे गुडघे जिना चढू देत नाहीत. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले, म्हणून ही मंडळी मनापासून कामाला लागली आहेत.

पण विहारात वंदनेनंतर गप्पा सुरू झाल्या की एकच तक्रार कानावर येते. "सुरुवातीला चार किलो उतरले हो, आता दीड महिना झाला, काटा जागचा हलत नाही. खाणे तेच, चालणे तेच. मग झाले काय?" या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले नाही, तर माणूस तीनपैकी एक वाट धरतो. कुणी म्हणते, आमच्या घराण्याचीच हाडे जाड, आणि सगळे सोडून देते. कुणी रात्रीचे जेवणच बंद करते. कुणी लोकलच्या डब्यात चिकटवलेली "महिन्यात दहा किलो" अशी जाहिरात वाचून महागडी पावडर आणते. तिन्ही वाटा चुकीच्या आहेत, कारण तिन्हींत कारण शोधलेलेच नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तर तथागतांनी आपल्याला शिकवले आहे. मग वजन थांबण्यालाच कारण नसेल, असे कसे होईल?

आपण एक साधा हिशेब मांडू. समजा एका भगिनीचे वजन ७२ किलो होते. तिने रोजच्या आहारातून ज्वारीची एक भाकरी कमी केली आणि दिवसभराच्या चहातली मिळून चार चमचे साखर सोडली. एका मध्यम भाकरीच्या सुमारे २२० आणि साखरेच्या सुमारे ८० मिळून रोज ३०० कॅलरी कमी झाल्या. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे तीन महिन्यांत साडेतीन किलोच्या आसपास चरबी उतरायला हवी. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत शरीरात साठलेली पिष्टमय शक्ती आणि तिच्याबरोबरचे पाणी निघून जाते, म्हणून काटा आधी भराभर उतरतो. असे तिचे वजन ६८ वर आले.

आता पुढे काय होते ते पाहा. चार किलोचे ओझे उतरलेल्या शरीराला चालायला, जिना चढायला, नुसते जिवंत राहायलाही कमी शक्ती लागते. ढोबळ मानाने एक किलो घटले की रोजची गरज २० ते २५ कॅलरींनी कमी होते. म्हणजे चार किलोंमागे शंभरेक कॅलरींची गरजच संपली. तीनशेतले उरले दोनशे. त्यात शरीर अन्न कमी झाल्याचे ओळखून भूक वाढवते. मग दुपारी नकळत मूठभर शेंगदाणे तोंडात जातात, त्यांच्या सुमारे १७० कॅलरी. फोडणीत तेलाचा एक छोटा चमचा जास्त पडतो, त्याच्या ४५. दोनशेचा हिशेब संपला! या भगिनीने लबाडी केली नाही, आळसही केला नाही. ७२ किलोच्या शरीरासाठी आखलेला आहार ६८ किलोच्या शरीराला आता पुरेसा होऊ लागला, एवढाच याचा अर्थ.

मात्र आधी वजन खरोखर थांबले आहे का, याची खात्री करून घ्यावी. पाण्यामुळे, जास्त मिठामुळे, बद्धकोष्ठामुळे आणि भगिनींच्या बाबतीत मासिक पाळीच्या दिवसांत वजन एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते. म्हणून रोज काट्यावर उभे राहून जीव जाळू नये. आठवड्यातून एकदा, सकाळी अनशापोटी, त्याच काट्यावर वजन करावे. जोडीला शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजावी. आपल्याकडील लोकांसाठी स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. वजन तेच आणि कंबर मात्र कमी होत असेल, तर चरबी जात आहे व स्नायू टिकत आहेत. तेव्हा काही बदलायची गरज नाही. चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही हलले नाहीत, तरच काटा अडला असे समजावे.

मग उपाशी राहावे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्यांचे वजन उतरले. पण शरीराने शक्तीचा खर्चही फार कमी केला, अंगात त्राण उरले नाही आणि मन रात्रंदिवस अन्नातच घुटमळू लागले. आपल्याला तर याहून जुना दाखला माहीत आहे. सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे देह कष्टवला, आणि त्यातून काही साधत नाही हे कळल्यावर सुजाताची खीर स्वीकारली. उपास-तापास आपण धम्मदीक्षेबरोबर सोडले आहेत. वजनाच्या नावाने ते पुन्हा घरात आणू नयेत.

याच विषयावर संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात एक सुंदर प्रसंग आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित, पालीत ज्याला पसेनदी म्हणतात, एकेका जेवणाला द्रोणभर तांदळाचा भात खात असे. असाच जेवून धापा टाकत तो श्रावस्तीत भगवंतांना भेटायला आला. त्याची ती अवस्था पाहून भगवंतांनी मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की ती म्हणायची, असे काम नेमून दिले. अट्ठकथेत पुढचा तपशील आहे. शेवटचा घास घेताना गाथा ऐकू आली की राजा तो घास ठेवून देई, आणि त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ पुढच्या वेळी शिजवताना कमी घेतले जात. असे करत करत राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके, चपळ झाले.

भगिनींनो, या प्रसंगातला व्यवहार नीट पाहा. राजाला कुणी उपाशी ठेवले नाही. एका घासापासून सुरुवात झाली. आठवण करून द्यायला शेजारी माणूस होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कपात ताटात न होता पातेल्यात झाली.

आपल्या घरात नेमके इथेच अडते. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या आयांच्या हाताखाली आपण वाढलो. अन्न टाकणे आपल्याला जमत नाही, आणि जमूही नये. पण त्यामुळे पातेल्यात उरलेला भात, पोरांच्या ताटातली अर्धी पोळी, सकाळची शिळी भाजी, हे सगळे शेवटी घरातल्या बाईच्या पोटात जाते. ती जेवते एकदाच, पण उरलेले "संपवते" तीनदा. हे तिच्या हिशेबात कधीच धरले जात नाही. म्हणून उपाय पातेल्यापासून करावा. तांदूळ हाताच्या अंदाजाने न घेता वाटीने मोजून घ्यावेत, आणि रोजच्यापेक्षा मूठभर कमी लावावेत. उरलेच, तर ते दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीत धरावे, जेवणावर जेवण म्हणून खाऊ नये. आणि उरलेले संपवणे हे काम एकट्या आईचे नाही, हे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही ध्यानात घ्यावे.

काटा पुन्हा हलवण्यासाठी आम्ही चार गोष्टी सुचवतो. त्या क्रमाने कराव्यात.

पहिला आठवडा काही बदलू नये, फक्त लिहावे. मुलांची जुनी वही घ्यावी आणि तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ टिपावा. कामावरचा चहा, चहाबरोबरची बिस्किटे, चव पाहताना खाल्लेला चमचा, पौर्णिमेची खीर, सगळे टिपावे. अडलेल्या काट्याचे अर्धे कारण बहुधा याच वहीत सापडते.

दुसऱ्या आठवड्यापासून रोजच्या आहारातून सुमारे शंभर-दीडशे कॅलरी कमी कराव्यात, त्याहून जास्त नाही. अर्धी वाटी भात आणि एक चमचा तेल एवढ्यात हे साधते. तेलाची बाटली सरळ कढईवर उपडी न करता चमच्याने घालावे. घरात माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास तेल पुरले पाहिजे. डाळ, मटकी, हरभरा, अंडी, जवळा, बोंबील, सोयाबीनच्या वड्या मात्र कमी करू नयेत. उलट भात जितका कमी, तितकी उसळ किंवा घट्ट वरण जास्त. यातल्या प्रथिनांनी पोट भरलेले राहते आणि वजन उतरताना स्नायू झिजत नाहीत. सुकी मासळी मात्र धुऊन मीठ काढून खावी, रक्तदाब असलेल्यांनी तर बेतानेच.

तिसरी गोष्ट व्यायामाची. "दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" असे आपण म्हणतो, आणि ते म्हणणे खोटे नाही. झाडलोट, धुणीभांडी, हमाली यांत घाम गळतोच. पण शरीर त्या कामाला सरावलेले असते आणि त्याचा खर्च आधीच हिशेबात आलेला असतो. म्हणून चालण्यात रोज अर्ध्या तासाची भर घालावी. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे. त्यात सुमारे शंभर कॅलरी खर्च होतात. आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दहा जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन दहा वेळा वर उचलणे, अशा दोन-तीन फेऱ्या. दहा बाय दहाच्या खोलीतही हे होते, पैसा लागत नाही. गुडघे दुखत असतील, तर उंच खुर्ची घ्यावी.

चौथी गोष्ट झोप आणि चहा. रात्रपाळी आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. शक्य तितकी सात तास झोप घ्यावी, आणि जागरणात दर तासाला गोड चहा घेण्याची सवय मोडावी. बंधूंसाठी आणखी एक. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती शीलासाठी आहेच, पण दारूच्या एका ग्रॅम मद्यार्कात सात कॅलरी असतात आणि सोबतचा चखणा वेगळा, हेही पोटावर हात ठेवून आठवावे.

एवढे करून चार ते सहा आठवडे वाट पाहावी. तरीही फरक पडला नाही, तर स्वतःला दोष न देता दवाखान्यात जावे. थायरॉइड कमी असणे, अंडाशयातील गाठींचा त्रास, इन्सुलिन, साखरेच्या काही गोळ्या, स्टिरॉइड यांमुळेही वजन अडते. गोळी मनाने बंद मात्र करू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणही कमी करू नये, साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. तिशी ओलांडलेल्यांची साखर व रक्तदाबाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पालिकेच्या दवाखान्यात होते, तिचा लाभ जरूर घ्यावा.

आणि समजा, काही महिने वजन जिथे थांबले तिथेच राहिले, पण वाढले नाही, तर तेही यश आहे. ७२ किलोचे ६८ झाले, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त वजन गेले. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारते. हे चार किलो परत येऊ न देणे हीच मोठी कमाई. हा प्रश्न रूपाचा नाही. मधुमेह आणि रक्तदाब आवरला नाही, तर मूत्रपिंडे जातात, आणि घरातले एक माणूस डायलिसिसवर गेले की मुलांची फी, घराचा हप्ता, सगळेच कोलमडते. आपले बाबासाहेब मधुमेहाशी झुंजत अखेरपर्यंत लिहीत राहिले. त्यांनी दिलेल्या शिक्षणाच्या वाटेवर आपली मुले पुढे जात असताना त्यांच्या पाठीशी उभे राहायला आईबाप धडधाकट हवेत.

शेवटी एक सूचना. राजाला सुदस्सन मिळाला, तसा आपल्याला एकमेकींचा आधार मिळू शकतो. आपल्या महिला मंडळाने विहारात एक वजनकाटा आणि एक टेप ठेवावी, आणि दर रविवारी वंदनेनंतर ज्याने त्याने आपापल्या वहीत आकडा लिहावा. कुणी कुणाला हसू नये. ज्या भगिनीचा काटा अडला असेल, तिच्याजवळ बसून तिची वही वाचावी आणि कारण शोधायला तिला मदत करावी.

नमो बुद्धाय, जयभीम.