गावाहून परतीचा सोमवार घरूनच काम का हवं?

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की कोकणातून मुंबईकडे निघालेल्या गाड्या माणगावात अडकतात. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून सुरू आहे, हे चाकरमान्यांना आता सांगावंही लागत नाही. रेल्वे म्हणाल, तर रोहा-वीर टप्पा वगळता कोकण रेल्वे एकेरीच. एक गाडी रखडली की समोरून येणारीही क्रॉसिंगला थांबते. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं आणि बघता बघता प्रतीक्षायादी लागते. मग रात्रभर बसून आलेला माणूस पिशवीत तवसं-नारळ घेऊन थेट ऑफिसात. ‘सुट्टी मजेत ना?’ विचारणाऱ्या साहेबांनी त्याला एक दिवस घरून काम करू द्यावं. लॅपटॉप तर आरतीच्या वेळीही ओटीवर उघडाच होता.