कौशल्य खरं, पण नाल कोणाची?

भंडारा जिल्ह्यात पोळा जवळ आला की पोलीस ठाण्यांची ठरलेली धावपळ सुरू होते. तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर; गावाबाहेर कुठेतरी चादर अंथरलेली असते, तिच्यावर बावन्न पत्ते आणि चुरगळलेल्या नोटा. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते ती ठरावीक भाषेत : पैशाच्या हारजीतवर ताशपत्त्यांचा जुगार खेळताना मिळून आले, मुद्देमाल जप्त, जुगार कायद्याचं कलम १२ (अ). पोळ्याची कर, तान्हा पोळा आटोपला की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांपर्यंत जरा उसंत.

त्या चादरीवर बहुधा तीनपत्ती चालते. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते एकाच किमतीचे, अवघ्या ५२, आणि जोडी, रंग किंवा क्रम यांतलं काहीच नाही असे हात १६,४४०. म्हणजे चारपैकी तीन वेळा हातात काहीच नसतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा ठरवलं आणि रमीला मुख्यतः कौशल्याचा, कारण रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता, खेळत खेळत समोरच्याला चांगल्या पत्त्यांसह पॅक करायला लावणारा गडी हे मान्य करणार नाही, पण कायदा तसा आहे.

पोकर या दोहोंच्या मध्ये बसतो, आणि न्यायालयांनाही तो नीट कुठे बसवता आलेला नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवलं. महाराष्ट्रात अजून १८८७ चा जुगार कायदा चालतो. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, एवढंच त्याचं कलम १३ सांगतं.

वस्तुस्थिती मात्र फारशी वादाची उरलेली नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे. प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते, मधे उघडे पाच, आणि बोली लावण्याच्या चार फेऱ्या. दोन एक्के हाती येण्याची शक्यता २२१ मध्ये एक, ते नशीब. आले तरी समोरच्याच्या दोन राजांपुढे पाचातला जवळजवळ एक डाव जातोच, तेही नशीब. पण किती लावायचे, कधी पत्ते टाकायचे, हे हजारो डावांत जमा होत जातं. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे निकाल तपासले. आधीपासूनच पट्टीचे मानले गेलेले खेळाडू प्रवेश शुल्कावर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त कमावून गेले. उरलेल्यांनी सरासरी १५ टक्के गमावले. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ या संगणक प्रणालीने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. संगणकाला कसलं आलंय नशीब!

आणि नेमकं इथेच ऑनलाइन कंपन्यांचं म्हणणं उलटं फिरतं. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य त्यांनी परवान्यासारखं वापरलं. साकोलीच्या पोराने ते ऐकलं आणि त्याला वाटलं की आपण हुशार आहोत, तर जिंकू. खरा अर्थ भलताच आहे. पोळ्याच्या चादरीवर नशीब सगळ्यांना सारखं वागवतं. आज हरलेला उद्या जिंकतो आणि पैसा बराचसा त्याच दहा जणांत फिरतो. कौशल्याच्या खेळात पैसा एकाच दिशेने वाहतो, नवख्याकडून मुरलेल्याकडे. मुरलेला एका वेळी चार-सहा टेबलं चालवत असायचा. शिवाय प्रत्येक डावातून कंपनीची नाल, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, निघायची ती वेगळीच. खेळात कौशल्य जितकं जास्त, तितका शिकाऊ लवकर रिकामा.

शिकाऊचं हे रिकामं होणं विदर्भाला नवं नाही. विदर्भाच्या दमयंतीचा नळ पुष्कराशी फासे खेळून राज्य हरला. पुढे कुंडिनपूरच्या वाटेवर अयोध्येच्या ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नजरेने मोजून दाखवली, आणि त्याच्याकडून नळाने अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, घेतली. मगच तो पुन्हा पटावर बसला आणि राज्य परत जिंकला. बेहडा भंडाऱ्याच्या जंगलात आजही आहे. विद्या देणारा ऋतुपर्ण कुठल्याही ॲपमध्ये नाही.

कधी कधी तर कौशल्य आणि नशीब दोन्ही नावापुरते उरतात. १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदियात २०२३ च्या जुलैत नागपूर पोलिसांनी एका बुकीच्या घरातून कोट्यवधींची रोकड आणि सोनं-चांदी जप्त केली. ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गमावल्याची नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती, आणि खेळच फिरवलेला होता असा आरोप.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली. कौशल्य की नशीब, हा भेदच काढून टाकला. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हे योग्यच झालं. गंमत म्हणजे त्याच्या महिनाभर आधी राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांचा सभागृहातला मोबाइल रमीचा व्हिडिओ गाजला. त्यांनी आरोप नाकारला, कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा.

बंदीला न्यायालयात आव्हान मिळालं आहे आणि ‘कौशल्या’ची ढाल पुन्हा पुढे येईल. तेव्हा १९६७ च्या त्याच निकालाचा दुसरा भाग वाचायला हवा, जो कंपन्या कधी सांगत नाहीत : रमी किंवा दुसरा कुठलाही खेळ पैसे लावून खेळला जात असेल आणि जागेचा किंवा क्लबचा मालक त्यातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो.