रोजकीर्दीतले शहाणपण

आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर, डाव्या कोपऱ्यात, रोज एक सुविचार लिहिलेला असे. दहा वर्षे आम्ही ते वाचले, वहीत उतरवून घेतले, आणि आज त्यांतले चारसुद्धा धड आठवत नाहीत. यात शाळेचा दोष नाही. उपदेश कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्याच्या अनुभवाचा अर्क असतो, आणि उसना अर्क अंगी लागत नाही. हल्ली हेच सुविचार फळ्यावरून उठून मोबाईलवर आले आहेत. सकाळी डोळे उघडावेत तो फुलांच्या चित्रावर छापलेले दहा-बारा तरी येऊन पडलेले असतात. आपण ते वाचतो, पुढे पाठवतो आणि विसरतो.

माझे मत असे आहे की जगायला उपयोगी पडणारे शहाणपण आणि अडचणीत लागणारा धीर या दोन्ही गोष्टी रोजच्या साध्या व्यवहारात पडलेल्या असतात. त्या कोणी ठळक अक्षरांत लिहून ठेवत नाही. आपल्यालाच हुडकाव्या लागतात. आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना हे पटायला हरकत नसावी. ताळेबंद वर्षातून एकदा मांडतात, पण रोजकीर्द रोज लिहावी लागते. आणि रोजकीर्दीत जे नाही ते ताळेबंदात कोठून येणार?

हे मत मी पुस्तकातून उचललेले नाही. गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत हैदराबादला नामपल्लीत माझ्या आत्याकडे (आमच्या घरी कानडी बोलतात, म्हणून आम्ही तिला ‘अत्ती’ म्हणतो) तीन आठवडे राहिले. हौसेने गेले नव्हते. सोलापुरात माझे अप्पा ज्या यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी होते तो कारखाना दिवाळीनंतर बंद झाला. दुसऱ्या सत्राची फी भरायची होती. आमच्या ओळखीचे एक चादरीवाले दरवर्षी नामपल्लीच्या नुमाइशीत दुकान लावतात; त्यांना हिशेब लिहायला माणूस हवे होते. अत्तीचे घर मैदानापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे घरूनही परवानगी मिळाली.

ज्यांनी नुमाइश पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नुमाइश म्हणजे प्रदर्शन. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या काही पदवीधरांनी संस्थानातल्या मालाची लोकांना ओळख व्हावी म्हणून नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये हे प्रदर्शन सुरू केले. तेव्हा ते दहाच दिवसांचे होते, दुकाने शंभरच्या आसपास होती, आणि हाती भांडवल अवघे अडीच रुपये होते असे सांगतात. १९४६ साली ते आजच्या मैदानावर आले. आता ते साधारणपणे १ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, दीड महिना चालते. काश्मीरच्या शाली, लखनौची चिकनकारी, खेळणी, लोणची, आकाशपाळणे, मैदानाभोवती फिरणारी छोटी आगगाडी आणि वर धूर काढणारी मिरचीभजी, असे सगळे एका कुंपणात असते. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की प्रदर्शन भरवणाऱ्या सोसायटीने या उत्पन्नातून कितीतरी शिक्षणसंस्था उभ्या केल्या आहेत. मैदानाला लागून असलेले सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय हे त्यांपैकीच. अडीच रुपये आणि भज्यांच्या गाड्या यांतून मुलींची कॉलेजे उभी राहतात, हे वाचून समजणे वेगळे आणि दुकानात बसून, समोरून त्या कॉलेजच्या मुली जाताना बघणे वेगळे.

आता मला तेथे काय मिळाले ते सांगते.

पहिली गोष्ट भवानीची. दुपारी दुकान उघडले की पहिल्या गिऱ्हाइकाशी मालक फारशी घासाघीस करत नसत. दोन पैसे कमी घेऊन माल देत आणि ती नोट डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकत. मराठीत आपण हिला भवानी किंवा बोहनी म्हणतो, कानडीत बोणी, तेलुगूतही बोणीच. पैसे मोबाईलवरून आले तर डबीतून ‘रक्कम मिळाली’ असा आवाज येई, आणि मालक त्या डबीलाच हात लावून नमस्कार करीत. मला आधी हसू येई. मग लक्षात आले की पहिल्या विक्रीत नफा किती झाला याला त्यांच्या लेखी महत्त्वच नाही. दिवस सुरू झाला, हे महत्त्वाचे. त्या दिवसांत अप्पा सोलापुरात घरीच बसून होते. मी फोनवर त्यांना हे सांगितले, पण त्यापुढे काही बोलले नाही. आठवड्याने आई म्हणाली, अप्पा एका अडत दुकानात रोज दोन तास हिशेब लिहायला जाऊ लागले आहेत. पगार नावापुरता आहे. माझ्या सांगण्याचा हा परिणाम असे मी मुळीच म्हणत नाही; ते माझ्याहून पन्नास पटींनी शहाणे आहेत. पण मला मात्र त्या रात्री झोप चांगली लागली.

दुसरी गोष्ट घडीची. सोलापुरी चादर जड असते, तिची घडी दोघांनी घालावी लागते. एखादे कुटुंब येई, वीस चादरी उलगडायला लावी, रंग बघे, पोत बघे, दुसरीकडे हीच चादर निम्म्या किमतीला मिळते असे सांगे आणि निघून जाई. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण परगावी विणलेला हलका माल तिच्याच नावावर खपवला जातो, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? माझा जीव चरफडे. मालकांचा आणि त्यांच्या नोकराचा हात मात्र तोवर घडीला लागलेला असे. मालक म्हणत, “अक्का, दाखवणं आपलं काम, घेणं त्यांचं. पुढचं गिऱ्हाईक यायच्या आत घडी झाली पाहिजे.” परीक्षेचा निकाल, नोकरीचा अर्ज, मुलाखत, या सगळ्यांना हे वाक्य लागू पडते. नकार मिळाल्यावर रडायला हरकत नाही, पण पुढचे गिऱ्हाईक यायच्या आत घडी झालेली बरी.

तिसरी गोष्ट माझ्या विषयातली. एका रात्री रोकड जुळवताना तीनशे ऐंशी रुपये जास्त भरले. नोंदी पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. संध्याकाळी एका गृहस्थांचे मोबाईलवरचे पैसे अडकले म्हणून त्यांनी रोख दिले होते, आणि मागाहून अडकलेले पैसेही येऊन पोचले होते. जास्त आले म्हणून मला आनंद झाला. मालकांना मुळीच झाला नाही. कमी आलेली रोकड जशी चूक, तशीच जास्त आलेलीही चूक, असे म्हणून त्यांनी ती रक्कम उचंत खात्यात टाकायला लावली. उचंत खाते आम्हाला अकरावीत शिकवले होते. त्यावर पाच गुणांची टीपही मी लिहिली होती. पण त्याचा खरा अर्थ मला तेव्हा समजला. ज्या रकमेचा निकाल आज लागत नाही ती खोडायची नाही, खिशात घालायची नाही, आणि तिच्यापायी बाकीची वही अडवूनही ठेवायची नाही. तिला एक जागा द्यायची आणि पुढे जायचे. मी परत येईपर्यंत ते गृहस्थ आले नव्हते; रक्कम तशीच होती. अप्पांची नोकरी, माझे इंग्रजी, पदवीनंतर पुढे काय, अशा कितीतरी गोष्टी मी रोज रात्री उशाशी घेऊन झोपत असे. त्यांपैकी एकही सुटलेली नाही. पण त्या आता उचंत खात्यात आहेत, आणि दिवसाची बाकीची वही मला लिहिता येते.

चौथी गोष्ट भाषेची. मी मराठी माध्यमात शिकले, घरात कानडी. इंग्रजी आणि चांगले हिंदी बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते. हैदराबादला कसे निभावेल ही भीती गाडीत बसल्यापासून होती. हुसेनसागर एक्सप्रेस सोलापूर सोडते तेव्हा स्टेशनवर मराठी असते, कलबुर्गीला कानडी, आणि नामपल्लीला रूळ संपतात तेथे तेलुगू आणि उर्दू. पण पहिल्याच दिवशी शेजारच्या दुकानातल्या चाचींनी चहा पुढे केला, आणि मी संकोचले तेव्हा दुसरीला म्हणाल्या, “नक्को बोलरी!” तो ‘नक्को’ ऐकून मला माहेरी आल्यासारखे वाटले. दखनी बोलीत आपला ‘नको’ आहे, आणि शब्दावर जोर द्यायचा आपला ‘च’ही आहे, ‘वैसाइच’, ‘मैंइच’ असे ती माणसे सहज बोलतात. जुन्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी जिल्हे एकत्र होते. १९५६ साली ते तीन राज्यांत वाटले गेले, पण शब्द वाटले गेले नाहीत. आमचे मालक सोलापूरचे, पण घरी तेलुगू बोलणारे. त्यांचे पूर्वज तेलंगणातूनच विणकामासाठी सोलापुरात आलेले. म्हणजे ती चादर एका अर्थी आजोळी विकायला आली होती. भाषा अर्धवट येते याची लाज वाटून गप्प बसण्यापेक्षा अर्धवट भाषेत चादर विकणे बरे, एवढे मी तेथे शिकले.

येथे कोणी म्हणेल, ‘ही सगळी गरिबाची समजूत आहे. कारखाना बंद पडला तर त्याविरुद्ध बोलायचे सोडून घडीतून आणि भवानीतून समाधान कसले शोधता?’ हा आक्षेप मला खरा वाटतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. आमच्या ओळीच्या टोकाला एका भज्यांच्या गाडीवर तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा रात्री उशिरापर्यंत बशा विसळत असे. थंडीच्या पाण्यात हात घालून तो गाणी म्हणे. येणारे-जाणारे कौतुकाने म्हणत, ‘बघा, किती आनंदी आहे! याच्याकडून शिकावे.’ मला ते कौतुक सहन होत नसे. त्या मुलाकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते एवढेच की त्याने तेथे नव्हे, शाळेत असायला हवे. दुसऱ्याच्या कष्टातून आपल्यासाठी सुविचार काढणे हा एक प्रकारचा फुकटचा नफा आहे.

याच मैदानावर ३० जानेवारी २०१९ च्या रात्री मोठी आग लागली. शेकडो दुकाने मालासकट जळाली. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. प्रदर्शन काही दिवसांतच पुन्हा सुरू झाले, आणि व्यापाऱ्यांच्या धीराचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण पुढच्या वर्षी दुकाने कमी करून वाटा मोकळ्या केल्या आणि आग विझवण्याच्या पाण्याची सोय वाढवली, ते नुसत्या धीराने झाले नाही. कोणीतरी प्रश्न विचारले म्हणून झाले. तेव्हा माझे म्हणणे असे: छोट्या गोष्टींतून मिळणारा दिलासा प्रश्न विचारण्याचे बळ देत असेल तर तो खरा. प्रश्न विसरायला लावत असेल तर ती गुंगी. अप्पांच्या कारखान्यातल्या कामगारांची देणी अजून मिळालेली नाहीत. त्यासाठी अप्पा आणि त्यांचे सोबती कामगार कार्यालयात खेपा घालत आहेत, आणि त्यांचे अर्ज आता मी लिहून देते.

शेवटी आपल्या कॉलेजला एक सूचना. आम्ही तीन वर्षांत नफा-तोट्याची शेकडो उदाहरणे सोडवतो, पण त्यांतल्या ‘अ’ आणि ‘ब’ या भागीदारांना कधी घाम आलेला आम्ही पाहत नाही. वाणिज्य विभागाने दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पंधरा दिवस एखाद्या दुकानात, बाजार समितीत, पतपेढीत किंवा यंत्रमागावर बसवावे आणि त्याने लिहिलेली रोजकीर्द तपासून तिला गुण द्यावेत. ती मराठीत असो, कानडीत असो. माझ्या वहीत दोन्ही भाषा आहेत, आणि शेवटच्या पानावर चाचींनी शिकवलेले तेलुगू आकडेही. वही मी आमच्या विभागाच्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या हिवाळ्यात कोणाला नामपल्लीला जायचे असेल तर जरूर वाचावी. मालकांना यंदाही हिशेब लिहायला माणूस हवे आहे.