बिलीमोरा–वघई : वारसा कुणाचा?

डांगच्या डोंगरांकडे जाणाऱ्या बिलीमोरा–वघई नॅरोगेज गाडीचा विषय निघाला की हल्ली ‘वारसा’ हा शब्द हटकून उच्चारला जातो. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून त्यात ‘गायकवाडांची गाडी’ असा अभिमानही मिसळतो. अभिमानास आमची हरकत नाही. पण या शब्दाआडून गाडीचा मूळ उतारू बाजूला सारला जाणार असेल, तर त्यास आमचा विरोध आहे.

या रुळांचा इतिहास काय सांगतो? खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई–मियागाम हा अडीच फुटी मार्ग झाला, तेव्हा गाड्या बैल ओढीत. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१३ च्या सुमारास, त्याच मापाची ६३ किलोमीटरची ही वाट डांगच्या सीमेकडे निघाली, ती सागवान खाली आणण्यासाठी. हौसेच्या सहलींसाठी ती घातलीच नव्हती. लाकडाची वाहतूक संपली, माणसांची राहिली. अनावल, उनाई, डुंगरडा येथे चढउतार करणारे आदिवासी शेतकरी, मजूर आणि विद्यार्थी हेच तिचे खरे वारसदार. डोंगरातील त्यांची बोली आपल्या मराठीची निकटची नातलग आहे, हेही आपण विसरू नये.

डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेतील तोट्याचे अकरा मार्ग बंद करण्याचे ठरले, त्यांत हीही गाडी होती. स्थानिकांनी आवाज उठवला, तेव्हा निर्णय फिरला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा निघाली, ती वातानुकूलित डबा जोडून आणि ‘वारसा’ हे बिरुद लावून. एक डबा पर्यटकांना दिल्याने काही बिघडत नाही. मात्र गाडीच्या जगण्याचे कारणच पर्यटक ठरला, तर पर्यटक कमी होताच ती पुन्हा तोट्याच्या यादीत जाईल.

तोट्याचा युक्तिवाद आम्हास मुळातच लंगडा वाटतो. प्रवासखर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम भाड्यातून वसूल होते, असे रेल्वेनेच आपल्या तिकिटांवर छापले होते. देशभरच्या उतारूंचा भार सोसणाऱ्या व्यवस्थेस डांगचाच उतारू जड का व्हावा? ‘बस आहे ना’, असे म्हणणाऱ्यांनी दोन्हींची भाडी ताडून पाहावीत आणि रोजंदारीवर जाणाऱ्यास तो फरक केवढा वाटेल, याचा विचार करावा.

ग्वाल्हेर–श्योपूरची दोन फुटी गाडी २०२० साली थांबली, याचे दुःख तिकडील वाचकांस आहेच. पण तेथे ब्रॉडगेजचे काम हाती घेतले गेले; म्हणजे निदान उतारूचा विचार झाला. जुने मोडून चांगले देणे आम्हास मान्य आहे. गरजूचे काढून हौशास देणे मान्य नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. साधे डबे आणि साधे भाडे कायम राहावे. डुंगरड्याच्या बाईस टोपली घेऊन बिलीमोऱ्याच्या बाजारास जाऊन त्याच दिवशी परतता यावे, अशा वेळा असाव्यात. आणि सापुताऱ्यास मोटारीने जाणाऱ्या आपल्या मंडळींनीही एकदा वघईपर्यंत या गाडीने जावे. तीन तासांवर वेळ लागेल खरा. पण गायकवाडांचे नाव सांगणाऱ्यांनी तेवढा द्यावयास हवा, आणि तोही साध्या डब्यात बसून.